निबर

नागपुरात सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात आई भेंडी घेते तेव्हा एकेका भेंडीचं टोक अंगठ्यानं मोडून पाहते. कट्टकन मोडलं तर कोवळी. नुसतं वाकलं आणि दोऱ्यासारखं लोंबत राहिलं तर निबर, ती बाजूला. भाजीवाली ओरडते, "सारीच मोडून ठेवसान काय माय!" आई ऐकून न ऐकल्यासारखं करते आणि अर्धा किलो कोवळी भेंडी घेऊनच उठते. काकडी असली तर नख लावून, वांगं असलं तर दाबून, दोडका असला तर शिरांवरून बोट फिरवून. तिच्या बोटांना निबरपणाची जी पारख आहे ती मला कधीच आली नाही.

माझा सारा दिवस मात्र त्याच पारखीत जातो. फरक एवढाच की मला जे पाहायचं असतं ते जिवंत माणसाच्या बरगड्यांच्या आत असतं, आणि त्याचं टोक मोडून पाहता येत नाही.

गेली १९ वर्षं मी धंतोलीतल्या एका छातीच्या दवाखान्यात पीएफटी, म्हणजे फुफ्फुसांच्या कामाची तपासणी, करते. पेशंट तिला फुंकायची टेस्ट म्हणतात, घरी मीही तेच म्हणते. नाकाला चिमटा, तोंडात नळी, ओठ गच्च मिटलेले. "पूर्ण श्वास घ्या, घ्या, घ्या... आता सोडा जोरात! फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, थोडंसंच राहिलं, अजून..." एकेका माणसाकडून निदान तीनदा. दुपारपर्यंत माझा घसा बसतो. समोर सावनेर-उमरेडकडचे, कोळशाच्या खाणीत उभी हयात काढलेले काकाजी असतात, चुलीपुढे चाळीस पावसाळे बसलेल्या आज्या असतात, बिडी सोडली म्हणणारे आणि न सोडलेले असतात. १८४६ साली लंडनमध्ये जॉन हचिन्सन नावाच्या डॉक्टरनं २,००० हून जास्त माणसांना असंच फुंकायला लावलं होतं. आमचं मशीन आता कॉम्प्युटरला जोडलेलं आहे, पण मूळ विचारणं तेच: किती हवा. किती वेगानं, हे पुढे जोडलं गेलं.

फुफ्फुस किती कडक आहे, हे ते मशीन सांगत नाही. हवा कमी आली यावरून आम्ही ते ताडतो. कंडक्टरनं बस भरली की रिकामी हे टपावरच्या आवाजावरून ओळखावं, तसं. म्हणूनच प्रत्यक्ष कडकपणा कसा मोजायचा हा प्रश्न माझ्या मनात शिकत होते तेव्हापासून घर करून आहे.

त्याचं पहिलं उत्तर मला मिळालं ते खाटकाकडून आणलेल्या बकऱ्याच्या फेफड्यावर.

आमचे सर सकाळीच ते घेऊन यायचे. श्वासनळीसकट, पाण्यानं भरलेल्या डब्यात, आणि ते पाण्यावर तरंगत असायचं. पहिली दोन फेफडी फुकट जायचीच, कारण कापताना सुरीचं टोक कुठंतरी लागलेलं असायचं आणि हवा भरली की तिथून बुडबुडे निघायचे. तिसरं चांगलं निघालं की सर श्वासनळीत नळी घालून सुतळीनं करकचून बांधायचे. बाजूला फळीवर एक पारदर्शक नळी उलट्या कमानीसारखी ठोकलेली, आत कुंकू घातलेलं पाणी आणि मागे मोजपट्टी. मोठ्या सिरिंजनं हवा आत ढकलायची आणि नळीतलं लाल पाणी किती सेंटीमीटर चढलं ते वाचायचं. फुफ्फुसाच्या दाबाचं एकक आजही तेच आहे: पाण्याचे सेंटीमीटर. मला ते फार आवडतं. पास्कल म्हटलं की डोळ्यांपुढे काही येत नाही, पाण्याचे पाच सेंटीमीटर म्हटलं की तीन बोटं पाणी दिसतं.

तर पाणी पाचावर चढलं, फेफडं ढिम्म. दहावर, तरी ढिम्म. गडद, कलेजीच्या रंगाचा, ओला गोळा. पंधराच्या पुढे गेल्यावर एका कडेला अचानक फिकट गुलाबी ठिपका उमटला, पटकन पसरला, मग शेजारी दुसरा. वीस ओलांडल्यावर ते असं भराभर उमलत गेलं की आमच्यातली एक मुलगी "अगं बाई!" म्हणून मागेच सरकली. सरांनी हात लावून पाहायला सांगितलं. बोटाखाली बारीक करकर लागत होती, ताज्या मुरमुऱ्यांची पिशवी दाबावी तशी.

मग सर हवा हळूहळू काढायला लागले. पाणी उतरत उतरत पुन्हा दहावर आलं आणि त्यांनी हात थांबवला. "पाणी तेवढंच, दहा. चढताना या दहावर फेफडं रिकामं होतं. आता पहा, अजून भरलेलं आहे. काहून?"

आम्ही गप्प. धुतलेल्या ओल्या साडीच्या घड्या एकमेकींना चिकटतात तसं आहे, ते म्हणाले. घडी सोडवायला जोर लागतो, एकदा मोकळी झाली की मग नाही. फुफ्फुसातल्या प्रत्येक इवल्याशा पिशवीला, वायुकोशाला, आतून पाण्याचा पातळ थर असतो आणि तो सतत आकसायला पाहतो. असे वायुकोश माणसात ४८ कोटींच्या आसपास, एकेक सुमारे पाव मिलिमीटरचा. म्हणजे आपण ज्याला फुफ्फुसाचा ताण म्हणतो त्यातला फार मोठा भाग मांसाचा नाहीच, पाण्याच्या त्या थराचा आहे.

हे १९२९ मध्येच कुर्ट फॉन निरगार्ड यांनी दाखवून दिलं होतं. फुफ्फुस हवेनं फुगवा आणि मग पाण्यासारख्या द्रवानं भरून फुगवा. द्रव भरला की हवा आणि पाणी यांची हद्दच पुसली जाते, तो आकसणारा थर उरत नाही, आणि तेच फुफ्फुस कितीतरी कमी दाबात फुगतं. किती साधा प्रयोग! आणि पंचवीस वर्षं त्याच्याकडे कुणी फारसं पाहिलंच नाही. पुढे १९५५ मध्ये रिचर्ड पॅटल यांना फुफ्फुसातल्या फेसाचे बुडबुडे फुटत का नाहीत हा प्रश्न पडला, १९५७ मध्ये जॉन क्लेमेंट्स यांनी त्या थराचा ताण मोजला, आणि १९५९ मध्ये मेरी एलेन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवलं की दिवस भरण्याआधी जन्मलेल्या आणि श्वासासाठी तडफडून जाणाऱ्या बाळांच्या फुफ्फुसात तो ताण कमी करणारा साबणासारखा पदार्थ, सरफॅक्टंट, तयारच झालेला नसतो. १९८० मध्ये जपानमध्ये फुजिवारांनी तो पदार्थ बाहेरून दिला आणि बाळं जगली. आज आमच्या शेजारच्या इमारतीत अशा बाळांना ते औषध नळीतून देतात. कडकपणा मोजण्यातून थेट पाळण्यापर्यंत पोचलेली ही वाट आठवली की मला अजून भरून येतं.

पण बकऱ्याचं फेफडं टेबलावर होतं. माणूस बसलेला असतो, बोलतो, खोकतो, आणि त्याचं फुफ्फुस छातीच्या पिंजऱ्यात असतं. पिंजऱ्याचा कडकपणा वेगळा, फुफ्फुसाचा वेगळा. नुसत्या फुफ्फुसाचा काढायचा तर त्याच्या बाहेरचा, म्हणजे फुफ्फुस आणि बरगड्यांच्या मधल्या फटीतला दाब हवा. तिथं सुई घालायची नाही तर काय करायचं? त्याचं उत्तर अन्ननलिका. ती छातीतूनच खाली जाते, फुफ्फुसाला खेटून, आणि एरवी मऊ, मिटलेली असते. तिच्यात एक लांबट, जेमतेम अर्धा मिली हवा भरलेला फुगा सोडला की शेजारच्या फटीतला दाब त्या फुग्यात उमटतो.

शिकत असताना मी हे दोनदाच पाहिलं. पहिल्यांदा आमच्याच एका निवासी डॉक्टरनं स्वतःवर करून घेतलं. नाकातून बारीक नळी, हातात पाण्याचा पेला, "घोट घ्या, गिळा, अजून एक घोट." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तो हसत होता. पडद्यावर रेषा सुरू झाली. श्वास घेतला की खाली, सोडला की वर, आणि त्या मोठ्या लाटेवर आणखी एक बारीक थरथर. ती काय म्हणून मी विचारलं. "हृदय," सर म्हणाले. अन्ननलिकेला टेकलेलं त्याचं हृदय दाबाच्या रेषेवर ठोके उमटवत होतं. त्यानं ६०० मिली हवा आत घेतली तेव्हा रेषा ३ सेंटीमीटर खाली गेली. भागाकार २००. म्हणजे पाण्याच्या दर सेंटीमीटरमागे २०० मिली हवा. याला कंप्लायन्स म्हणतात, आणि निरोगी फुफ्फुसाचा कंप्लायन्स साधारण एवढाच असतो.

दुसऱ्यांदा एक आजी होत्या, फायब्रोसिस असलेल्या, म्हणजे फुफ्फुसात व्रणासारखे धागे दाटून ते कडक झालेलं. ३०० मिलीसाठी ९ सेंटीमीटर. भागाकार ३३.

त्या दिवशी मला जे कळलं ते अजून पुसलं गेलेलं नाही. कंप्लायन्स हा हिशेब आहे. किती किंमत दिली आणि काय पदरात पडलं, याचा. आजी त्या डॉक्टरच्या निम्मी हवा घेत होत्या आणि तिप्पट जोर लावत होत्या. आणि हे काही जिना चढताना नाही, नुसतं खाटेवर बसून. आपल्याकडे दिवसाचे श्वास २१,६०० सांगतात. अजपाजप म्हणतात तो. मिनिटाला १५ धरले तर बरोबर तेवढेच भरतात. आजींना ही किंमत दर श्वासाला द्यावी लागत होती, झोपेतसुद्धा.

इथे आपल्या भाषेबद्दल एक सांगायचं आहे. शाळेत आपण 'स्थितिस्थापकता' पाठ केलेली असते आणि बोलताना 'लवचिक' म्हणतो, जणू दोन्ही एकच. एकच नाहीत. लवचिक म्हणजे सहज ताणलं जाणारं. स्थितिस्थापक म्हणजे सोडल्यावर आपल्या जागी परत येणारं. बिडी आणि चुलीच्या धुरानं ज्यांचे वायुकोश विरले आहेत त्यांची फुफ्फुसं फार लवचिक असतात, जुन्या परकराच्या सैल पडलेल्या इलॅस्टिकसारखी. हवा आत सहज जाते, बाहेर निघत नाही. त्यांचा कंप्लायन्स निरोग्यापेक्षाही जास्त भरतो, म्हणून जास्त म्हणजे चांगलं असं इथं नाही. फायब्रोसिसचं उलटं. तिथं फुफ्फुस परत यायला उतावीळ असतं, ताणलं मात्र जात नाही. रिपोर्टवर दोघांचाही आकडा बिघडलेला, पण एकाचं फुफ्फुस सैल आणि दुसऱ्याचं निबर.

फुफ्फुसाच्या विणीत दोन मुख्य धागे आहेत. इलॅस्टिन हा ताणला जाणारा, कोलॅजन हा न ताणला जाणारा. साध्या श्वासाला इलॅस्टिन काम करतं, कोलॅजन घड्या पडून सैल असतं. खूप मोठा श्वास घेतला की कोलॅजनच्या घड्या सरळ होतात आणि ते 'बस्स' म्हणतं. फायब्रोसिसमध्ये हे कोलॅजन नको तिथं, नको तितकं विणलं जातं. आणि इलॅस्टिनबद्दल १९९१ चा एक अभ्यास आहे. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनच्या खुणेवरून संशोधकांनी फुफ्फुसातल्या इलॅस्टिनचं वय काढलं आणि ते सरासरी ७४ वर्षं टिकतं असं निघालं. म्हणजे एकदा लहानपणी विणलं की जवळजवळ जन्मभराचं. माझ्या बाबांचा जन्म १९५२ चा, काटोलचा. संत्र्याच्या बागांतून धावताना जे धागे विणले गेले तेच आज ७० पार झाल्यावर त्यांच्या छातीत आहेत.

आता बाबांबद्दल लिहायला हवं. इतका वेळ मी तेच टाळत होते.

बाबा महापालिकेच्या शाळेत गणिताचे मास्तर. निवृत्त झाल्यावरही संध्याकाळी अंगणात गल्लीतली पोरं पाढे म्हणायला जमायची. बाबांचा एक खेळ होता: अख्खा तेराचा पाढा एका दमात. तेरा एके तेरा पासून थेट तेरा दाहे तिसासे, मधे श्वास नाही. पोरं टाळ्या वाजवायची आणि मग आपण करून बघायची, लालबुंद होऊन.

२०२१ च्या उन्हाळ्यापासून ते मधे थांबायला लागले. आधी तेरा नव्वेला, मग साताला, मग सहाला. बोलतानाही वाक्यं तोडून बोलायला लागले. "आज बर्डीवर... गेलो होतो... लई गर्दी." कोरडा खोकला होता. ऑक्टोबरात तो उणा व्हायचा, एप्रिलात पुन्हा सुरू. मी म्हणायची, उन्हाळ्याची धूळ आहे बाबा, वय झालं बाबा. आणि मी रोज सकाळी धंतोलीत जाऊन दुसऱ्यांच्या बाबांना विचारायची: दम लागतो का, कधीपासून, काय केल्यावर?

१९५० मध्ये ओटिस, फेन आणि राह्न या तिघांनी श्वासाच्या श्रमाचं गणित मांडलं. श्वास मोठा घेतला तर फुफ्फुस ताणायचा खर्च वाढतो, तोही दुप्पट श्वासाला चौपट. श्वास भराभर घेतला तर हवा नळ्यांतून ढकलायचा खर्च वाढतो. शरीर या दोन्हींच्या मधली, सगळ्यांत स्वस्त पडणारी जागा आपोआप शोधतं. विहिरीवर बादली जड झाली की माणूस ती अर्धीच भरतो आणि दोन खेपा जास्त करतो, तसंच. त्यात तोटाही आहे: दर श्वासातली १५० मिली हवा वाटेतच, श्वासनळीत अडकते, म्हणजे खेपेगणिक घोटभर सांडतंच. फुफ्फुस निबर झालं की शरीर तरीही अर्ध्या बादल्याच पसंत करतं. कुठल्याही मशीनच्या आधी बाबांच्या शरीरानं आपला कंप्लायन्स मोजला होता आणि त्याप्रमाणे वाक्यं आखूड केली होती. आकडा रोज अंगणात मोठ्यानं म्हटला जात होता. तो वाचायचं काम माझं होतं.

२०२३ च्या नवतप्यात, मेअखेरच्या त्या नऊ भाजणाऱ्या दिवसांत, एका दुपारी ते झोपले होते. बनियनची सुरकुती वरखाली होताना पाहून सवयीनंच मी घड्याळ लावलं. मिनिटाला २८. दिवसाचे ४०,३२०.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना माझ्याच खुर्चीत बसवलं. नाकाला चिमटा लावला. "फुंका बाबा, फुंका, फुंका, अजून..." माझा आवाज निघेना. शेवटी शेजारच्या टेबलावरची माझी सहकारी आली आणि तिनं ओरडून करून घेतलं. एकूण हवा १.७१ लिटर, त्यांच्या वयाउंचीला २.९५ हवी, म्हणजे ५८ टक्के. पहिल्या सेकंदात मात्र त्यातली ८९ टक्के बाहेर. निबर फुफ्फुसाची हीच खूण: हवा थोडी आणि सुटायची घाई मोठी. पडद्यावरची आकृती उंच आणि अरुंद, मिटलेल्या छत्रीसारखी. डॉक्टरांनी पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि मलाही ऐकायला दिला. खाली, दोन्ही बाजूंना, श्वासाच्या शेवटी, चप्पलचा पट्टा उघडताना वेल्क्रो चरचरतं तो आवाज.

मग त्यांनी विचारलं, "घरी कबुतरं येतात? कूलर आहे?"

नागपुरात कूलर आहे का हा काय प्रश्न झाला? बाबांच्या खोलीच्या खिडकीत लोखंडी बॉडीचा मोठा कूलर, माझ्या लग्नाआधीपासूनचा. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतभरच्या पाहणीत फुफ्फुस निबर होण्याच्या आजारांचे १,०८४ रुग्ण नोंदले गेले. त्यात ४७ टक्क्यांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस निघाला, म्हणजे श्वासातून जाणाऱ्या बुरशी, पिसं अशा गोष्टींवर फुफ्फुसानं वर्षानुवर्षं चिडत राहणं. आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्यांचा संबंध एअर कूलरशी आला होता. मी हा आकडा वाचलेला होता. दवाखान्यात तो दुसऱ्यांना सांगितलाही होता.

घरी येऊन मी कूलरची मागची बाजू उघडली. खसच्या ताट्या तीन उन्हाळ्यांत बदललेल्या नव्हत्या. आईचे गुडघे दुखायचे, बाबा म्हणायचे, चालते. बाहेरून त्या तपकिरी दिसत होत्या. आतून, जिथून वारा खोलीत यायचा तिथं, काळ्या आणि शेवाळी, आणि बोट लावलं तर बुळबुळीत. टाकीच्या तळाशी गाळ. पंप सुरू केला असता तर यातूनच पाणी वर चढून, ताट्यांवरून झिरपून, रात्रभर बाबांच्या उशाशी गार वाऱ्याबरोबर आलं असतं. खसाचा वास अजून येत होता. बाबांना तो वास फार आवडायचा.

प्रत्येक कूलरनं असं होतं असं नाही, होत असतं तर अर्धं नागपूर माझ्या खुर्चीत असतं. पण टाकी दर आठवड्याला रिकामी करून, घासून, उन्हात वाळवा आणि ताट्या दर उन्हाळ्याला नव्या घाला, हे मी आता भेटेल त्याला सांगते. बसमध्येसुद्धा सांगते.

कूलर काढला की आजार थांबेल असं मला वाटलं होतं. डॉक्टर म्हणाले, थांबेलच असं नाही. त्याचं कारण समजून घ्यायला मी पुन्हा पुस्तकं काढली, आणि तिथं कडकपणा मोजण्याची आणखी एक तऱ्हा भेटली. १९८६ मध्ये शोधलेला अणुबल सूक्ष्मदर्शी. नाव सूक्ष्मदर्शी, पण तो पाहत नाही, चाचपतो. अतिशय बारीक टोक ऊतीच्या कापावर हलकंसं दाबायचं आणि किती रुततं ते मोजायचं. आईचा अंगठा, पण पेशीच्या मापाचा. निरोगी फुफ्फुसाच्या ऊतीचा कडकपणा २ किलोपास्कलच्या आसपास भरला, फायब्रोसिस झालेल्या ऊतीचा सरासरी १६ च्या आसपास, आणि तोही एकसारखा नाही: एका जागी मऊ, केसभर पलीकडे टणक.

अर्थात तो काप श्वास घेत नसतो. त्यात हवा नाही, ताण नाही, तो आकसणारा पाण्याचा थर नाही. टेबलावरच्या तुकड्याचा आकडा आणि छातीतल्या श्वासाचा आकडा एकमेकांच्या जागी ठेवता येत नाहीत, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. पण त्या बारीक टोकानं एक गोष्ट दाखवली जी फुग्याला कधीच दिसली नसती. कोलॅजन विणणाऱ्या पेशी आपण कशावर बसलो आहोत ते चाचपत असतात. मऊ जेलवर ठेवल्या तर त्या निवांत राहतात. कडक जेलवर ठेवल्या तर कामाला लागतात आणि आणखी कोलॅजन विणतात. म्हणजे कडक झालेली जागाच पुढच्या कडकपणाला बोलावणं धाडते. आणि गंमत नव्हे, चिंतेची गोष्ट अशी की कित्येक दशकं या पेशी प्रयोगशाळेत ज्या प्लास्टिकच्या बशीत वाढवल्या गेल्या ती फुफ्फुसापेक्षा जवळजवळ दहा लाख पटींनी कडक असते.

म्हणून बाबांना गोळी सुरू झाली. २०१९ मध्ये ६६३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, असा वाढत जाणारा फायब्रोसिस असलेल्यांची हवा वर्षाला १८८ मिलीनं घटत होती, ती या औषधानं ८१ मिलीनं घटली. थांबली नाही, हळू झाली. डॉक्टरांनी हे आकडे बाबांना जसेच्या तसे सांगितले. बाबांनी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि म्हणाले, "एकशे सात वाचले म्हणा. ठीक आहे."

सीटी स्कॅन मी रात्री एकटीनं पाहिला. काही भागात मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी, काही भागात धूसर धुकं, आणि मधे मधे अगदी स्वच्छ काळं, निरोगी फुफ्फुस. तेव्हा मला आयसीयूतली एक जुनी गोष्ट आठवली. फुफ्फुसांत अचानक पाणी भरून व्हेंटिलेटरवर आलेल्या पेशंटचा कंप्लायन्स फार कमी भरायचा, म्हणून सगळे म्हणायचे फुफ्फुस दगडासारखं झालं. १९८७ मध्ये इटलीच्या लुचानो गातिनोनी यांनी सीटी काढून पाहिलं, तर फुफ्फुसाचा बराच भाग बुजलेला आणि उरलेला, हवा घेणारा भाग लहान मुलाच्या फुफ्फुसाएवढा. पण तो उरलेला भाग जवळजवळ नेहमीइतकाच मऊ. फुफ्फुस कडक नव्हतं, लहान झालं होतं. मोठ्या माणसाचा श्वास त्या बाळाच्या फुफ्फुसात कोंबला जात होता. श्वास आखडता घेतला, वजनाच्या अंदाजानं किलोला १२ ऐवजी ६ मिली, आणि २००० सालच्या चाचणीत मृत्यू जवळजवळ ४० टक्क्यांवरून ३१ वर आले. एकच भागाकार, पण तो कडक म्हणून वाचायचा की लहान म्हणून, यावर इतके जीव अवलंबून होते.

बाबांचं फुफ्फुस दोन्ही आहे: काही कडक, काही उरलंच कमी. चार कमावत्यांच्या घरात दोघं अंथरुणाला खिळावेत आणि सगळं ओझं उरलेल्या दोघांवर यावं तशी ती स्वच्छ काळी बेटं. त्या रात्रीपासून मी बाबांना "मोठा श्वास घ्या ना" म्हणणं सोडलं. ते घेतात तोच त्यांना परवडणारा श्वास आहे.

फुग्याची तपासणी आम्ही केली नाही. तिच्यानं उपचारात काही बदलणार नव्हतं आणि बाबांच्या नाकात नळी मला पाहवली नसती. दर तीन महिन्यांनी ते माझ्या खुर्चीत बसतात, फुंकतात, आता मीच ओरडते. १.७१, मग १.६६, मग १.६८.

कूलरच्या जागी खिडकीत आईनं जाळी बसवून घेतली. खोलीत छोटा एसी आला. त्याला वास नाही ही बाबांची तक्रार, म्हणून आई माठात खसाची जुडी सोडते.

अंगणात पोरं अजून येतात. माझा मुलगा आता दुसरीत आहे, तोही त्यांच्यात बसतो. पाढा ठरलेला आहे, तेराचा. बाबा सुरू करतात, मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते. तेर चोक बावन्न, तेरा पाचे पासष्ट, तेरा सक अठ्ठ्याहत्तर, आणि थांबतात. पोरांना आता तो थांबा पाठ झाला आहे, तेवढ्यात सगळी मिळून "तेरा साते एक्याण्णव!" ओरडतात आणि बाबा आठवर पुन्हा येऊन मिळतात.

ओट्यावर, दुधाच्या हिशेबाच्या वहीत, मी दर रविवारी एक आकडा लिहिते. आज लिहिला: ६. वर गेल्या रविवारचा, ६. त्याच्यावर, ६.